जिन्यातला शिकारी

या, अशा जवळ येऊन बसा. दाराशी पाहुण्यासारखं काय बसायचं? आणि आल्या आल्या बोलते म्हणून रुसू नका, पण सिंगापूरला येता, बागा बघता, दिव्यांचे खेळ बघता, बोटभर माशापुढे उभे राहून फोटो काढता आणि आमच्या बुकित पंजांगच्या जावयाला न भेटताच विमानात बसता, याला काय म्हणायचं? बागा काय, कुठंही असतात. पण ज्या बेटावर टेकडीलासुद्धा लोक डोंगर म्हणतात, तिथं चौदाव्या मजल्यावर राहून एल्कच्या शिकारीची तयारी करणारा, आणि त्यासाठी घरातल्या एकाही माणसाच्या वाट्याचा वेळ न चोरणारा माणूस सबंध पृथ्वीवर एकच आहे. तो आमचा जावई. म्हणजे माझ्या पुतणीचा नवरा. तोंडावर मी त्याला रीतसर 'जावईबापू' आणि 'तुम्ही' म्हणते, पाठीमागे 'तो' म्हणते. त्याला दोन्ही माहीत आहे.

एल्क म्हणजे काय ते मलाही आधी ठाऊक नव्हतं. आपल्या सांबराचा अमेरिकेतला थोरला भाऊ समजा. अंगानं घोड्याएवढा आणि डोक्यावर वाळलेलं झाड ठेवावं तशी शिंगं. लग्नाआधी कंपनीनं याला वर्षभर अमेरिकेला धाडलं होतं, तेव्हा कुणा मित्राबरोबर डोंगरात तंबू ठोकून राहिला. सकाळी धुक्यात एल्कनं हाक मारली. ती हाक म्हणे आधी पोटातून निघते, मग शिट्टीसारखी वर वर चढते आणि शेवटी कुणी खाकरावं तशी तुटते. दुसरा एखादा असता तर फोटो काढून परत आला असता. हा परत आला तो ठरवूनच, की एकदा तरी त्या डोंगरात जायचं, नियमानं परवाना काढायचा, धनुष्यबाणानं शिकार करायची, आणि ते मटण स्वतःच्या पाठीवरून खाली उतरवायचं. मी एकदा विचारलं, एवढी उस्तवार कशाला, खालच्या हॉकर सेंटरला, त्या खाण्याच्या गाळ्यांत, मटण मिळत नाही का? तर म्हणाला, "काकू, आयुष्यभर पिशवीतून आणलं. एकदा तरी ते कुठून येतं तिथपर्यंत जाऊन बघायला नको?" मी त्याला आणखी एक पोळी वाढली.

बरं, हा शिकारी कसा, तर घरात झुरळ निघालं की खुर्चीवर पाय घेऊन बसणारा. चप्पल घेऊन धावते ती माझी पुतणी. पालीला तर तो कागदावर घेऊन, गप्पा मारत मारत बाहेर पोचवतो. मी म्हटलं, "जावईबापू, झुरळ मारवत नाही आणि एवढा थोरला एल्क कसा मारणार?" कुणी दुसरा असता तर छाती काढून काहीतरी बोलला असता. हा म्हणाला, "खरं सांगू का काकू, मलाही माहीत नाही." मला तो त्या दिवसापासून फार आवडायला लागला.

त्याच्या तयारीच्या तऱ्हा सांगायला बसले तर चहा गार होईल, पण सांगतेच. त्याचं ऑफिस चांगी बिझनेस पार्कला, म्हणजे बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. एवढ्या लांबच्या एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, समोर रिकामी सीट असली तरी हा बसत नाही. गुडघे किंचित वाकवून, कशालाही न धरता उभा राहतो, डोंगरउतारावर तोल राहावा म्हणून. एकदा एका मुलीला वाटलं, या अंकलना काहीतरी होतंय. तिनं उठून आपली जागा दिली. तिचं मन मोडायला नको म्हणून हा एक स्टेशनभर बसला आणि घरी येऊन आपल्या तयारीत खंड पडला म्हणून हळहळत राहिला. शिकाऱ्याला वारा कळायला हवा, म्हणून खिशात टाल्कम पावडरची चिमुकली बाटली असते. हॉकर सेंटरला गेलो की आम्ही ट्रे घेऊन ताटकळतो आणि हा हवेत पावडरची एक फुंकर सोडून तिच्याकडे टक लावून बघतो. मग सांगतो, "त्या कोपऱ्यात बसा, साटेच्या शेगडीचा धूर इकडे येणार नाही." आणि खरंच येत नाही हो. शेजारच्या टेबलावरचे लोक डोळे चोळत असतात आणि आम्ही गार वाऱ्यात जेवत असतो. आवाज न करता चालायचाही सराव आहे. मी भाजी परतत असताना मागून "मीठ घातलंत का?" असं ऐकू आलं की माझं उलथनं खाली पडतं. उलथन्याचा दांडा त्यानंच दोनदा बसवून दिलाय.

आणि ती हाक. व्हॅक्यूम क्लीनरच्या जुन्या नळीचा तुकडा कापून त्यानं हाक मारायचं शिंग केलंय. ते तोंडाला लावून घरात पहिल्यांदा हाक मारली तेव्हा समोरच्या घरातले चिनी अंकल धावत आले, कुणाला लागलं का म्हणून. तेव्हापासून तो सराव पार्किंगच्या गच्चीवर चालतो. तिथं एल्क कुठला असायला, पण कोकिळ उत्तर देतो. हा एक हाक मारतो, तो एक. नातीला, म्हणजे त्याच्या मुलीला, याची इतकी लाज वाटायची की गच्चीकडून आवाज आला की ती मैत्रिणींना सांगायची, "दॅट वन नॉट माय फादर, लाह."

एवढं सगळं करून घराकडे दुर्लक्ष, असं मात्र नाही, आणि खरं कौतुक मला त्याचंच. त्याचं एक मत आहे, की संसार म्हणजे मिसळणाचा डबा. सगळ्या वाट्या एकाच डब्यात, पण हळद मोहरीत सांडता कामा नये. एल्कची वाटी कुठली असं विचारलं तर पुतणी म्हणते, "मेथीची. लागते चिमूटभर, पण वास सगळ्या घराला." त्यालाही ते मान्य आहे. शनिवारी मुलीला पोहण्याच्या क्लासला सोडायचं, जवळच्याच तिरंदाजीच्या मैदानावर बाण मारायचे, आणि ती केस निथळत बाहेर येते तेव्हा टॉवेल घेऊन दारात हजर. पाठीवर वजन घेऊन चढायचा सराव हवा, तर महिन्याचा तांदूळ सॅकमध्ये घालून जिन्यानं वर. एकदा सहाव्या मजल्यावरच्या चिनी आजींनी त्याला तसं जाताना बघितलं. त्यांना वाटलं हा पोचवणारा माणूस. त्यांनी आपलीही पिशवी त्याच्या हातात दिली. यानं ती निमूटपणे त्यांच्या घरात ठेवून दिली, वर थँक यू म्हणाला. खरं कळल्यावर त्या बिचाऱ्या शरमल्या, पण हा म्हणाला, वजन कमीच पडत होतं. अजून दर रविवारी त्यांचं सामान हाच नेतो.

आता मुद्द्याचं. तिकडे शिकारीचा परवाना पैसे टाकले आणि घेतला असा मिळत नाही. आपल्याकडे सरकारी घरांची निघते तशी सोडत निघते. नंबर लागला नाही तर एक पॉइंट जमा होतो, आणि पॉइंट साठत गेले की कधीतरी आशा. मुलगी बालवाडीत होती तेव्हापासून हा पॉइंट जमवतोय. अर्ज भरायच्या दिवशी देवापुढे निरांजन, लॅपटॉपला हळदकुंकू, आणि शेवटचं बटण दाबायचं माझ्या पुतणीनं. कारण लग्न होऊन ती आली आणि आठवड्यात याला सिंगापूरची नोकरी लागली, तेव्हा तिच्या हाताला यश आहे अशी त्याची पक्की खात्री. गेल्या वर्षी नात सहावीला होती. इथं सहावीला पीएसएलई असते, आणि आपल्याकडे बारावीला जेवढं घर तापतं तेवढं इथं सहावीला तापतं. पेपर सप्टेंबरच्या शेवटी. एल्क हाका मारतो तोही सप्टेंबरातच. म्हणून यानं आधीच ठरवलं होतं, यंदा शिकारीसाठी नाव द्यायचं नाही, नुसता पॉइंट घ्यायचा. बायकोला तसं सांगितलं आणि आजींची पिशवी आणायला खाली गेला. ही कणिक मळत होती. एक हात धुऊन आली, नमस्कार केला, आणि इतकी वर्षं दाबत होती तेच शिकारीचं बटण सवयीनं दाबून पुन्हा कणकेकडे गेली.

आणि नेमका त्याच वर्षी नंबर लागला.

पुतणीचा मला मरीन परेडला, माझ्या घरी, फोन आला तेव्हा ती रडतच होती. म्हणाली, माझ्याच हातानं झालं काकू, आता मी कुठल्या तोंडानं थांबवू? मी सामान घेऊन त्यांच्याकडे राहायला गेले. घरात जो तो याला जा म्हणत होता. पुतणी म्हणत होती जा, पण संसार केलेल्या बाईला त्या 'जा'चा अर्थ लावता येतो. मीही म्हटलं, जा, आमच्या वेळी बापाला मूल कितवीत आहे हेसुद्धा विचारून घ्यावं लागायचं. नात म्हणाली, "बाबा, जस्ट गो लाह. तू घरी असलास की उलट मला स्ट्रेस." तो सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि सॅक उचलून जिन्यात जायचा. परवाना परत करायला मुभा होती, पण नियम असा, की परत केला तर जमलेले सगळे पॉइंट गेले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि गुडघा आत्ताच उतरताना कुरकुर करायला लागलाय, हे तो कुणाला सांगत नसला तरी तेल मीच गरम करून देत होते.

त्या दोघांची एक रीत होती. नातीचं गणित कच्चं. समोर बसून शिकवलं की दोघंही चिडायची. म्हणून त्यानं तोड काढली. संध्याकाळी ती आठव्या मजल्यावर जिन्यातल्या मोकळ्या जागेत उशी टाकून वही घेऊन बसायची. हा पाठीवर तांदूळ घेऊन खालून वर जायचा. जाता जाता एक गणित सांगायचा, आणि वरून खाली येईस्तोवर तिनं ते सोडवायचं. चुकलं तर रागवायला त्याच्याकडे दमच उरलेला नसायचा. नुसतं बोट ठेवायचा आणि पुढं जायचा. त्यामुळे गणित सुधारलं हो. ऑगस्टमधल्या अशाच एका संध्याकाळी मी तिच्याजवळ बसून शेंगा सोलत होते. हा धापा टाकत आला, बोट ठेवलं, निघाला. तिनं वहीतून मान वर न करता विचारलं, "बाबा, सप्टेंबरमध्ये तू नसशील, देन हू विल कम अप?"

तो दोन पायऱ्या वर गेला होता. तिथंच थांबला. मग म्हणाला, "मीच येईन," आणि चढायला लागला. दुसऱ्या दिवशी परवाना परत केला. पुतणीनं त्याच्याशी भांडण केलं, मी अबोला धरला, त्यानं दोन्ही सोसलं. एवढंच म्हणाला, "एल्क दर सप्टेंबरला ओरडतो, काकू. ही सहावीत एकदाच आहे."

गणिताच्या पेपरच्या सकाळी आम्ही सगळे खाली व्हॉइड डेकवर उभे होतो, म्हणजे ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत. नात पांढरीफटक पडली होती. दही खाल्लेलं ओठाला तसंच. शाळेच्या बाजूला दोन पावलं गेली आणि परत आली. म्हणाली, "बाबा, दॅट एल्क वन. वन टाइम ओन्ली. सॉफ्टली, ओके?" नळी त्याच्या सॅकमध्ये होतीच. हळू हाक मारणं त्याला कुठलं जमायला? पोटातून निघाली, चढत चढत सगळ्या ब्लॉकवरून गेली आणि खाकरून तुटली. सहाव्या मजल्यावरच्या आजी खिडकीत आल्या आणि त्यांनी हात हलवला. झाडीतून कोकिळानं उत्तर दिलं. नातीला इतकं हसू आलं की दप्तर सावरत ती हसतच गेली.

ती दिसेनाशी झाली तरी तो नळी हातात धरून त्या झाडीकडे बघत उभा होता. तिकडे डोंगरात त्या दिवसांत धुकं असेल, त्याच्या परवान्यावर दुसरं कुणीतरी गेलं असेल. थोड्या वेळानं तो म्हणाला, "चला काकू, चहा करू." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याबरोबर लिफ्टनं वर आला.

आता नात सेकंडरीत आहे, गणितं तिची तीच सोडवते. तरी काही संध्याकाळी फोन घेऊन आठव्या मजल्यावर जाऊन बसते, आणि हा वर जाताना दोघं एकमेकांकडे न बघितल्यासारखं करतात. पॉइंट पुन्हा एकपासून सुरू झालाय. यंदाही बटण पुतणीनंच दाबलं, त्यानं दुसऱ्या कुणाला हातच लावू दिला नाही. गुडघ्याला तेल चालू आहे.

तेव्हा तुम्ही बुकित पंजांगला या, आणि मनावर घेऊन लवकर या. नुसत्या चहाला नाही, चार दिवस राहायला. तुम्ही माझ्याबरोबर लिफ्टनं वर चला. बॅगा खालीच ठेवा, त्या तो जिन्यानं आणेल. आणि त्यात लोणची, पीठ, पुस्तकं, काय हवं ते भरा. जड असल्या तर त्याला बरंच आहे.