पंखा बंद करून बसलो

मंडळी, आज दुपारी माळ्यावर जुना छोटा तराजू सापडला. तो टेबलावर ठेवला आणि चंद्रपूरच्या या उकाड्यात मी आधी उठून पंखा बंद केला.

सवय, दुसरं काय! ऐंशीच्या दशकात भद्रावतीला मेश्रामभाऊ आणि मी रायफल क्लबची काडतुसं हातानं भरायचो. आमच्या रायफलीचं काडतूस बाजारात मिळायचंच नाही. प्रत्येकात बारूद अगदी सारखी पडली, तरच गोळ्या एका जागी लागत. ती याच तराजूवर तोलायचो; पंख्याच्या वाऱ्यानं काटा हलायचा, म्हणून दोघं घामानं निथळत बसायचो.

तरी काटा थरथरायचाच. भाऊ खेकसायचे, "काऊन फुसफुसून राह्यला बे? श्वास रोक ना!"

"भाऊ, तो तुमचा श्वास आहे!"

हे भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. गेल्या हिवाळ्यात भाऊ गेले.

आज पारड्यात चिमूटभर मोहरी टाकून काटा मधोमध आणला. नेहमीच्याच अंतरावर बसलो आणि मुद्दाम जोरजोरात श्वास घेतला. काटा जागचा हलला नाही.

म्हणजे इतकी वर्षं मीच बरोबर होतो. आता हे सांगू कोणाले?