मतदानासाठी परत जा, असं मीच म्हणालो

अमेरिकेने इराकमध्ये फौज घातली तेव्हा आमच्या बडोद्यातल्या, वासण्याच्या घरात, वरच्या खोलीत, एक इराकी मुलगा भाड्याने राहत होता. विद्यापीठात रसायनशास्त्रात संशोधन करायचा. आम्हांला काका-काकू म्हणायचा आणि आमच्या हिच्या हातची आमटी नुसतीच वाटीने प्यायचा. टीव्हीवर बगदाद दिसायला लागलं की जिन्यात जाऊन बसायचा. आत ये म्हटलं तरी येत नसे.

पुढे तिकडे निवडणूक होणार अशी बातमी आली. एका सकाळी तो खाली आला. मोडक्या हिंदीत म्हणाला, "काका, आमच्या भागात मतदान केंद्रावर शिकलेली माणसं हवी आहेत. आई म्हणते, येऊ नकोस. मी काय करू?"

ही स्वयंपाकघरातूनच कडाडली, "काही जायचं नाही! लोकशाही द्यायला आलेत म्हणे. डोंबलाची लोकशाही! तेल नसतं तर फिरकले तरी असते का तिकडे?"

मी नागरिकशास्त्राचा मास्तर, गप्प बसतोय कसला! म्हटलं, "अगं, आपले मराठे तरी गुजरातेत काय देवदर्शनाला आले होते? वसुलीलाच आले ना? पण पुढे बडोद्यात शाळा झाल्या, वाचनालयं झाली. आणणाऱ्याच्या मनात काय होतं, हे शेवटी कोण विचारतं?" आमचे पणजोबा संस्थानच्या शिक्षणखात्यात होते. आमच्यासारख्यांच्या घरी हे वाक्य पंगतीत जिलबीसारखं फिरतं. गुजराती शेजारी "साचुं, साचुं" म्हणून मान हलवतात. त्यांच्या मनात काय असतं, हे मी जन्मात कधी विचारलं नाही.

मग मी त्याला माझ्या निवडणुकीच्या ड्युट्या सांगत बसलो. डभोईकडच्या खेड्यात शाळेच्या वर्गात मुक्काम, गावकऱ्यांचा चहा, लिंबाखाली पेंगणारा एक पोलीस. सकाळी सगळ्या पक्षांच्या माणसांसमोर पेटी उलटी करून रिकामी दाखवायची, मग सील. त्रास म्हणाल तर डासांचा. तो पोट धरून हसला. "एवढंच, काका?"

"एवढंच. ते नीट केलंस की बाहेरून कोण आलं होतं ते लोक विसरतील. तुझ्यासारख्यांनी नाही जायचं, तर जायचं कोणी?"

मूर्ख माणूस मी! उभ्या आयुष्यात मतदान केंद्रावर मी भांडण पाहिलं ते यादीत नाव नसल्याचं. बंदुकीच्या धाकात मतदान कसं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. आणि तिकडे पहारा कोणाचा असणार, एवढंही मी त्याला विचारलं नाही.

तो गेला. निघताना हिने डब्यात दशम्या दिल्या आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर स्फोट झाला. तो लोकांना रांगेत उभं करत होता. आम्हांला हे महिन्याभराने त्याच्या प्राध्यापकांकडून कळलं. परक्याच्या फौजेने आणलेली लोकशाही शांततेसाठी की स्वार्थासाठी, या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मी वर्षानुवर्षं मुलांना लिहून दिल्या होत्या. पुढे तो धडा आला की मी नुसता वाचून दाखवायचो.

काही दिवसांनी त्याच्या बहिणीचा फोन आला. इंग्रजी बरं बोलत होती. त्याच्या खोलीतली पुस्तकं कोणा गरजू विद्यार्थ्याला द्या म्हणाली. मग म्हणाली, "आई एकच विचारते. ती नको म्हणत होती, मग त्याला जा म्हणून कोणी सांगितलं?"

ही माझ्यासमोरच उभी होती.

मी म्हटलं, "कोणी नाही. त्याचं त्यानेच ठरवलं."

बहिणीने ते आईला त्यांच्या भाषेत सांगितलं. म्हातारीचं रडणं मला ऐकू येत होतं. मग बहीण म्हणाली, "आई म्हणते, देव तुमचं भलं करो. तुम्ही त्याला बापासारखं सांभाळलंत."

हिने माझ्या हातातून फोन घेतला आणि खाली ठेवला.