समुद्रावरचे ढग

बाई ढगाकडे बोट दाखवत नसत, ढगाभोवती बोट फिरवत. संस्थेच्या व्हरांड्यात एका हातात चहाचा कप धरून दुसऱ्या हाताच्या बोटाने त्या एखाद्या ढगाची अख्खी किनार हवेत आखायच्या आणि म्हणायच्या, "कड पकडा, कड. आतला पांढरेपणा काय, कुणालाही दिसतो."

हे 'कड पकडा' आम्हाला उठता-बसता ऐकावं लागे. बैठकीत कुणी पाल्हाळ लावला की बाई शांतपणे म्हणत, "साहेब, कड पकडा." तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. त्याची आपण पाठीमागे नक्कल करतो आणि ते रजेवर गेलं की आपल्यालाच करमत नाही.

तेव्हा सदाशिव पेठेतला एकाआड एक मुलगा संगणकाचा कोर्स करून अमेरिकेच्या विमानाकडे डोळे लावून बसलेला असायचा. मीही बसलो होतो. विमान गेलं, मी राहिलो. मग हवामानाचा अभ्यास करणाऱ्या या संस्थेत कंत्राटावर चिकटलो. बाई तिथल्या ज्येष्ठ शास्त्रज्ञ. कात्रजला धाकट्या बहिणीबरोबर राहत. वडील सरकारी कचेरीत कारकून होते. घरातल्या पहिल्या पदवीधर बाईच. टेबलावर वडिलांचा फोटो, बुद्धाची छोटी मूर्ती आणि उपग्रहातून आलेल्या चित्रांचा ढीग. मला त्यांनी पहिल्या दिवशीच 'सॉफ्टवेअरवाले' हे नाव ठेवलं.

आमचं काम सांगायला सोपं होतं. उपग्रहाच्या चित्रावर बाई माउसने गडगडाटी ढगाची कड आखायच्या. अशी चित्रं मी संगणकाला दाखवत राहायचो. त्याला नियम सांगायचे नाहीत, नुसती उदाहरणं द्यायची. पाहून पाहून तो आपला आपण शिकतो आणि पुढे नव्या चित्रावर स्वतः कड आखतो. बाई त्याला 'शिकाऊ' म्हणत. रोज सकाळी आल्या आल्या विचारत, "काय हो सॉफ्टवेअरवाले, आपला शिकाऊ काय म्हणतो?" तो चुकला तर त्या कधी चिडत नसत. "नवा आहे," म्हणत. "माझ्या साहेबांनी पहिल्या वर्षी मला याहून जास्त झापलं होतं." चिडायच्या त्या फक्त माझ्यावर.

त्याच सुमारास बाई दाराच्या चौकटीला धडकू लागल्या. खांदा चोळत विचारायच्या, "हे दार कुणी सरकवलं?" आम्ही हसायचो. मग त्यांच्या स्कूटरचा डावा आरसा फुटला. नारायण पेठेतल्या एका बोळात त्यांनी केळ्यांच्या हातगाडीला धडक दिली. गाडीवाला ओरडला, "अहो बाई, एवढी मोठी गाडी दिसली नाही?" बाई म्हणाल्या, "दिसली असती तर थांबले नसते का?" हा किस्सा त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितला आणि आम्ही तो महिनाभर कँटीनमध्ये चघळला.

उपग्रह नवा आला होता, म्हणून शिकाऊला नव्या चित्रांवर पहिल्यापासून शिकवलं होतं. तो तयार झाला आणि एक विचित्र गोष्ट दिसली. पुण्यावरचा ढग बरोबर, नगरवरचा बरोबर. चित्राच्या डाव्या बाजूला अरबी समुद्र, त्यावर मात्र त्याला काहीच दिसेना. बाई वैतागल्या. "तुमच्या प्रोग्रॅमला समुद्राचं वावडं आहे का?" मी प्रोग्रॅम उलटापालटा करून तपासला. चूक सापडेना. शेवटी, ज्या चित्रांवरून तो शिकला ती उघडून बसलो. ताडून पाहायला काढलेल्या जुन्या उपग्रहाच्या चित्रांत समुद्रावरच्या ढगांनाही बाईंच्या बारीक रेषा होत्या. नव्या चित्रांत समुद्रावर एकही रेष नव्हती. ढग होते.

मी त्यातलं एक चित्र छापून त्यांच्यासमोर ठेवलं. "बाई, समुद्रावर काही आहे?"

"स्वच्छ आहे. का?"

माझ्या तळहाताएवढा ढग तिथे होता. मी कागद हळूच उजवीकडे सरकवला.

"हा कुठून आला?"

"इथेच होता, बाई."

त्यांनी कागद परत डावीकडे सरकवला, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. एखादा प्रयोग तपासावा तसा. मग एका डोळ्यावर हात ठेवून पाहिलं, मग दुसऱ्यावर. "दोन्ही डोळ्यांना जातोय," त्या म्हणाल्या. "म्हणजे डोळ्यांत नाही. मागे आहे."

मागेच होती. मेंदूत गाठ. केळ्यांच्या गाडीवर आम्ही किती हसलो होतो, ते आठवून कँटीनमध्ये त्या दिवशी कुणी कुणाकडे बघेना.

ऑपरेशन ठरलं तरी बाई ऑफिसात येत राहिल्या. बहीण आणून सोडायची. सगळी चित्रं त्यांना नव्याने आखायची होती. मी म्हटलं, "बाई, हे नंतर होईल." त्या म्हणाल्या, "माझं दुखणं त्याला लागलंय. मला सहन होत नाही ते. तुम्ही माझ्या डावीकडे बसा, आणि मान वळवायला विसरले की टोका." मी बसलो. टोकावं फार लागायचं. टोकलं की त्या मान वळवायच्या, ढग सापडायचा आणि त्या लहान मुलीसारख्या खूश व्हायच्या.

एकदा मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "सॉफ्टवेअरवाले, याला झालं ते सगळं विसरायला लावता येतं?"

"येतं की. कोऱ्या पाटीपासून पुन्हा शिकवायचं."

"बरं आहे त्याचं," बाई म्हणाल्या.

मी सवयीने हसलो. मग चहा आणतो म्हणून उठलो आणि जिन्यात उभा राहून रडलो.

चित्रं पुरी झाली नाहीत. उरलेली मी आखली, त्यांच्या हाताशी जुळतील अशी बारीक. जाताना त्यांनी बजावलं होतं, "जुना पुसून टाका. चुकीचं शिकलेला कुणाच्या हातात पडायला नको." ऑपरेशननंतर त्या परत आल्या नाहीत. नव्या शिकाऊला समुद्रावरचे ढग दिसू लागले, पण ते त्यांना सांगायचं राहिलं.

त्या गेल्यानंतर कात्रजला त्यांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीला, आम्ही सगळे गेलो. बुद्धवंदना झाल्यावर बहीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "शेवटी शेवटी ताई सारखी मान डावीकडे वळवायची. आम्ही सरळ करायचो, ती पुन्हा वळवायची. खूप दुखत असेल का हो?" ती ढग शोधत होती, हे मला माहीत होतं.

जुना शिकाऊ मी पुसला नाही. कुणाच्या हाती देत नाही, पण ठेवला आहे. समुद्रावरून एखादं वादळ किनाऱ्याकडे यायला लागलं की मी तो चालू करतो. मला ढग स्पष्ट दिसत असतो. मोठा होत, जवळ येत. त्याच्या लेखी समुद्र स्वच्छ. मग ढग किनारा ओलांडून जमिनीवर येतो आणि रेष एकदम उमटते, बाईंच्या हातची, बारीक, कुठेही न थरथरलेली. तोवर फार उशीर झालेला असतो.