शुक्रवारचा मानकरी

आमच्या टीममध्ये माणसं टिकत नाहीत, असं साहेब मीटिंगमध्ये सगळ्यांना उद्देशून म्हणाले, पण बघत होते माझ्याकडे. माझ्या हाताखालची दोघं नुकतीच सोडून गेली होती. "आता ती टेस्टर गेली," साहेब म्हणाले, "तर तिच्या खुर्चीवर तू बसायचंस." धमकी साधी नव्हती. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे तिचं काम, आणि त्यातल्या निम्म्या माझ्याच असत.

ती बेळगावकडची. रोज बनशंकरीहून बस बदलत इलेक्ट्रॉनिक सिटीतलं आमचं ऑफिस गाठायची. शहरातल्याच मारतहळ्ळी भागातल्या कुठल्याशा कंपनीनं तिला बोलावलंय, अशी कुजबुज होती. तिला कसं थांबवावं? मला कंपनीनं एकदा प्रेरणा या विषयावरच्या व्याख्यानाला पाठवलं होतं. त्यातलं 'माणसाला कौतुक हवं असतं' एवढंच आठवत होतं. बाकीचं व्याख्यान जेवणानंतर होतं.

मी 'शुक्रवारचा मानकरी' सुरू केला. सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र मी स्वतः बनवलं आणि त्यावर माझीच झोकदार सही ठोकली. सोबत कॉफीचं कूपन. पहिला मान अर्थात तिला. टाळ्या वाजल्या आणि टाळ्या संपायच्या आत मागून आरोळी आली, "पार्टी! पार्टी!" सोमवारी ती सगळ्यांसाठी बेळगावची मिठाई, कुंदा, घेऊन आली. मी दोनदा खाल्ला.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा तीच. त्याच्या पुढच्याही. एव्हाना टीममध्ये एक चमत्कार घडू लागला होता. चांगल्या कामाचा धनी व्हायला कुणी तयारच होईना. "सर्व्हर तू दुरुस्त केलास ना?" असं एकाला विचारलं तर म्हणाला, "छे सर, आपोआप झाला." दुसरा म्हणाला, "सर, मला काही येत नाही, हे तुम्हाला माहितीच आहे." टीममध्ये नम्रता वाढीला लागली आहे, असं मी साहेबांना अभिमानानं कळवलं.

चौथ्या शुक्रवारी दुपारी ती मीटिंगच्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं. आमच्या धंद्यात कुणी दार लावून बोलायला लागलं की समजायचं, राजीनामा आला.

"सर, आज परत मलाच देणार आहात काय ओ?"

"म्हणजे काय! तुझ्याशिवाय आहेच कोण?"

"मग मी जाते बगा."

"मारतहळ्ळीला?"

ती चमकली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

म्हणजे कुजबुज खरी होती.

"एका कॉफीच्या कूपनापायी सगळ्या मजल्याला कुंदा खाऊ घालायचा," ती म्हणाली. "दर आठवड्याला बाबा बसमधून डबा पाठवायला लागलेत. काल विचारत होते, पोरी, नोकरी करतीस का दुकान काढलंस?"

तेव्हा कुठे नम्रतेच्या साथीचं कारण माझ्या डोक्यात शिरलं. "मग तुला हवंय तरी काय?" मी विचारलं. तीन प्रमाणपत्रं देऊन झाल्यावर हा प्रश्न पहिल्यांदाच सुचला होता.

"क्लायंटच्या कॉलवर मला बोलू द्या की ओ. चूक शोधायची मी आणि सांगायचं तुम्ही. तेही अर्धं चुकीचं सांगता. मी शेजारी बसून नुसती मान हलवायची. काम माझं आहे असं वाटायचं कसं मग?"

'अर्धं' हा तिचा सभ्यपणा होता.

सोमवारच्या कॉलवर अवाक्षर काढणार नाही, असं मी कबूल केलं. पण मला माझी खात्री नव्हती. मधेच तोंड घातलं तरी पलीकडे ऐकू जाऊ नये, म्हणून मी सुरुवातीलाच हळूच माइक बंद केला. खोलीत सगळ्यांना मिळून माइक एकच आहे, हे काही ध्यानात आलं नाही. ती काय सुरेख बोलत होती! पडद्यावरची मंडळी पुतळ्यासारखी बसलेली. मला वाटलं, तल्लीन झाली. मग त्यांच्यातल्या एकानं स्वतःच्या कानाकडे बोट दाखवून हात हलवला.

सगळी खोली माझ्याकडे वळली. तिनं माझ्या बोटाखालचं बटण दाबलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी आणखी नेटकं. पलीकडून प्रश्न आला. सवयीनं माझं तोंड उघडलं. तिनं माझ्याकडे न बघताच, रिक्षा थांबवावी तसा हात वर केला. मी ते मिटलं. शेवटी क्लायंट म्हणाले, यापुढे आम्ही थेट यांनाच विचारत जाऊ. मला फक्त 'थँक यू' मिळालं, तेही निरोपाचं.

बाहेर पडताना मी दबकत विचारलं, "मारतहळ्ळीचं काय ठरवलंस?"

"नाही म्हणून सांगते त्यांना."

"कॉलवर बोलायला मिळालं म्हणून ना?"

"ते तर आहेच. पण तिथं गेलं तर नव्या साहेबाला परत पहिल्यापासून शिकवत बसायला लागणार. तुम्ही आता स्वल्प तरी तयार झालाय की ओ."