मग्दालेनेची बादली

एर्सिलिया बाचिगालुपोने एक्केचाळीस वर्षं वजडी विकली. जिनोआच्या बंदरामागच्या आमच्या बोळात, माझ्या कॉफीच्या दुकानाला लागूनच तिचं दुकान. सकाळी तिच्या तांब्याच्या हंड्यात वजडी रटरटायला लागली की गोदीतले हमाल वाडगाभर गरम रस्सा पिऊन कामाला जायचे आणि माझी गिऱ्हाइकं नाक दाबून कॉफी प्यायची. नवरा खलाशी होता. त्र्याहत्तर साली तो दक्षिण अमेरिकेत माँतेव्हिदेओला म्हणून गेला, तो अजून यायचाय. कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "बोटीला जरा उशीर झालाय," आणि पुन्हा सुरी चालवायला लागायची.

पुढे तिची मनगटं गेली आणि दुकान बंद झालं. आता रिकामपणी ही बाई बोळातल्या प्रत्येकाच्या घरात डोकावणार, या भीतीने फादर इजिदिओंनी तिला आमच्या चर्चची किल्ली देऊन टाकली. दोर वळणाऱ्यांनी बांधलेलं हे चर्च लहानसं, अंधारं. पण क्रूझच्या बोटी बंदराला लागायला लागल्यापासून तिथे पाहुणे येऊ लागले होते. एर्सिलियाने दार उघडायचं, दार लावायचं आणि मधल्या वेळात गप्प बसायचं, असं ठरलं होतं. पहिल्या दोन गोष्टी तिने चोख केल्या.

"हा संत कोण?" एका जर्मन बाईने विचारलं.

"कोण जाणे. चेहऱ्यावरून कारकून वाटतो."

"आणि हा देवदूत?"

"त्याच्या डाव्या पायाची बोटं मोजा. सहा आहेत. चित्रकार दारू पिऊन बसला असणार."

लोक बोटं मोजायचे, सहा भरायची, हसून हसून बेजार व्हायचे. खरी पंचाईत झाली लुदोव्हिकोची. हा परवानाधारी गाइड. हातात पिवळी छत्री आणि तोंडात पाठ केलेलं भाषण. मुख्य वेदीच्या शेजारच्या वेदीवर एक काळंकुट्ट चित्र होतं. चारशे वर्षांच्या मेणबत्त्यांची काजळी बसलेली. त्याच्यासमोर तो आवाज भरून आणायचा, "ही मग्दालेना, येशूच्या चरणी आलेली पापीण! हातात सुगंधी तेलाचं पात्र, डोळ्यांत पश्चात्तापाचे अश्रू!"

मागच्या बाकावरून एर्सिलिया म्हणायची, "मेल्या, तुला डोळे तरी दिसतायत का तिचे?"

पण त्या चित्राने तिच्या डोक्यात घर केलं. रोज ती त्याच्यासमोर बसायची. एक दिवस माझ्या दुकानात फोकाच्या पावाचा तुकडा कॉफीत बुडवता बुडवता म्हणाली, "बाचिच्चा, अत्तराची बाटली तू कशी धरशील?"

मी हात नाकाशी नेला.

"बरोबर. काळ्यात नुसता आकार दिसतो, पण ही बया पात्र अंगापासून हातभर लांब धरून उभी आहे. अत्तर असं कोण धरतं?"

मी म्हटलं, "एर्सिलिया, पवित्र चित्र आहे ते. नाद सोड."

तिने सोडला नाही. दुपारी चर्च बंद असताना आत बसून, नवऱ्याच्या जुन्या गंजिफ्रॉकाच्या चिंध्यांनी तिने त्या चित्राचा कोपरा पुसायला घेतला. तीन आठवडे हे चाललं आणि कुणाला पत्ता लागला नाही. मग एका रविवारी फादर इजिदिओ प्रवचन करता करता अडखळले. त्यांची नजर शेजारच्या वेदीकडे गेली होती. तिथे काजळीतून एक दणकट हात बाहेर आला होता, बाही कोपरापर्यंत दुमडलेली. हातात तांब्याची बादली, आणि काठावर आवळलेल्या मुठीतून लोंबत होतं काहीतरी पांढरं, मऊ, मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचं.

"वजडी!" पहिल्या रांगेतून एर्सिलिया मोठ्याने म्हणाली. "म्हटलं नव्हतं मी?"

मंगळवारी जुन्या वस्तूंची देखभाल करणाऱ्या खात्यातून डॉक्टर ओर्तेन्झिया बाई आल्या. पांढरा कोट, गळ्यात भिंग. चित्र पाहून त्यांना खुर्ची द्यावी लागली.

"कशाने पुसलंत हे? तेजाब? साबण?"

"थुंकीने."

डॉक्टरबाई चित्रापासून एक पाऊल मागे सरकल्या.

"कुणाच्या?"

"माझ्याच. फादरांची घेतली नाही, ते चिरूट ओढतात."

डॉक्टरबाईंनी भिंग लावून इंचन्‌इंच तपासलं. एक ओरखडा नव्हता. शेवटी पडलेल्या आवाजात त्या म्हणाल्या, "आम्हीसुद्धा कधी कधी थुंकीच वापरतो. पण रीतसर परवानगी घेऊन."

"थुंकायला परवानगी लागते?" एर्सिलिया फादरांकडे वळली. "या देशाचं काय झालंय बघा!"

पण डॉक्टरबाई अडून राहिल्या. बादली वगैरे काही नाही, मग्दालेनाच आहे. पांढरं दिसतंय ते तिने येशूच्या मृतदेहासाठी आणलेलं वस्त्र. चित्र खोक्यात भरून नेलं. फादरांनी एर्सिलियाकडची किल्लीही काढून घेतली.

आमच्या शहरातले जुने खलाशी म्हणे पगार थोडा कमी घ्यायचे, पण कुरकुर करायची मुभा करारात लिहून घ्यायचे. एर्सिलिया त्याच मातीची. ती आठवडाभर माझ्या दुकानात बसून होती आणि तिने कशाबद्दलही कुरकुर केली नाही. कॉफीला नावं ठेवली नाहीत, नगराध्यक्षाला शिव्या घातल्या नाहीत. मी बायकोला सांगितलं, ही आता जगत नाही.

सातव्या दिवशी ती हळूच म्हणाली, "बाचिच्चा, चारशे वर्षांपूर्वी कुणाला तरी वजडीवालीचं चित्र काढावंसं वाटलं. आणि लोकांना ती रडणारी पापीणच हवी."

मी तिच्यासमोर आणखी एक कॉफी ठेवली. मला दुसरं काय येतं?

दोन वर्षांनी चित्र मोठ्या रस्त्यावरच्या संग्रहालयात लागलं. आमच्या बोळापासून पंधरा मिनिटांची वाट, पण आम्ही दोघंही जन्मात तिथे पाऊल टाकलेलं नव्हतं. एर्सिलियाने अंत्यविधीचा काळा कोट घातला. जिन्यावर संगमरवरी पुतळे पाहून म्हणाली, "एवढे श्रीमंत लोक, आणि एकाच्याही अंगावर कपडा नाही."

चित्र आता लखलखीत झालं होतं. बाईचे गाल लाल, केस फडक्यात बांधलेले, अश्रूचा पत्ता नाही. उलट ती चित्राबाहेर कुणावर तरी वैतागलेली दिसत होती. खाली पाटी: 'मग्दालेना, सुगंधी तेलाच्या पात्रासह'.

"बाचिच्चा, मला धर," एर्सिलिया म्हणाली. मला वाटलं चक्कर आली. तिला बाकावर उभं राहायचं होतं.

मग तिने सुरुवात केली. वजडी किती पाण्यातून काढायची, धुताना लावलेल्या चुन्याचा वास कसा घालवायचा, आणि ती ओली असताना हातातून कशी निसटते. "म्हणून अंगठा आत दुमडावा लागतो. तिचा अंगठा बघा! राणीच्या हातात बादली देऊन तिला उभं केलं असतं तर अंगठा बाहेर राहिला असता. ही काम केलेली बाई आहे!" तीस-चाळीस माणसं जमली. पहारेकरीण धावत आली.

"आजी, खाली उतरा! बाक सतराव्या शतकातला आहे!"

"मग त्याला माणसांची सवय असेल," एर्सिलिया म्हणाली.

गर्दीच्या मागे डॉक्टर ओर्तेन्झिया उभ्या होत्या. एर्सिलियाने वरूनच हाक मारली, "अहो डॉक्टर, ओली वजडी कधी हातात धरलीय?"

"नाही," त्या म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत, हे मला आवडलं. "मग उद्या सकाळी बाचिच्चाच्या दुकानात या," एर्सिलियाने फर्मान काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खरंच माझ्या दुकानात आल्या. एर्सिलियाने बाजारातून पाच किलो वजडी आणून बादलीत घातली होती. डॉक्टरबाईंनी बाह्या सारल्या, हात घातला. पहिल्यांदा वजडी सुळकन निसटून त्यांच्या बुटावर पडली. दुसऱ्यांदा माझ्या काउंटरवर. तिसऱ्यांदा धरली तेव्हा त्यांचा अंगठा आपोआप आत दुमडला होता. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं आणि पाहतच राहिल्या.

एर्सिलिया एक अक्षर बोलली नाही. तेवढं औचित्य तिच्यात आहे, हे मला त्या दिवशी प्रथम कळलं. मग तिने डॉक्टरबाईंना टॉवेल दिला आणि म्हणाली, "घरी कोण कोण आहे? अर्धी घेऊन जा."

पाटी बदलायला आठ महिने लागले. आता तिथे लिहिलंय: 'बादली घेतलेली स्त्री'.

"स्त्री म्हणे!" एर्सिलिया कडाडली. "काय काम करते ते लिहायला शाई संपली का?" पण त्या दिवशी तिने माझ्या कॉफीलाही नावं ठेवली, फोकाच्यालाही, आणि नगराध्यक्षाच्या मागच्या तीन पिढ्या उद्धरल्या. मी बायकोला फोन करून सांगितलं, काळजी मिटली.

आता दर गुरुवारी ती संग्रहालयात जाते. तिकीट मागायचं पहारेकरणीने सोडून दिलंय. गेल्या आठवड्यात लुदोव्हिको पिवळी छत्री घेऊन आला आणि तिला पाहून गट परत फिरवायला लागला, तर गटच हलेना. सध्या एर्सिलियाने पुढच्या दालनातल्या एका आरमारप्रमुखाचं चित्र धरलंय. तिचं म्हणणं, तो माणूस उभ्या आयुष्यात बोटीवर चढलेला नाही. चेहऱ्यावर ऊन लागल्याची खूण नाही. डॉक्टर ओर्तेन्झिया म्हणाल्यात, तपासून बघते.