किल्ल्यावरचा गनीम

दिवाळी जवळ आली की शहागंजात रस्त्याच्या कडेला मावळे मांडले जातात. प्लास्टरचे, बोटभर उंचीचे. तलवारवाले, भालेवाले, तुतारी फुंकणारे, सोबत डोक्यावर घागर घेतलेली एक बाई, एक वाघ आणि वाघापेक्षा मोठा कोंबडा. हा माल पोरांच्या किल्ल्यांसाठी असतो. माझ्यासारखा पन्नाशीकडे झुकलेला माणूस उकिडवा बसून एकेक मावळा अंगठ्याला लावून बघायला लागला की विकणारी बाई विचारते, नातवासाठी का? मी हो म्हणतो. मला नातू नाही, पण खरं सांगायची त्याहून जास्त लाज वाटते.

खरं हे की मी टेबलावर लढाया खेळतो. जेवणाच्या टेबलावर हिरवी चादर अंथरायची, तिच्याखाली पुस्तकं सरकवली की डोंगर तयार. दोन फौजा समोरासमोर लावायच्या, फूटपट्टीनं मोजून शिपाई पुढे सरकवायचे आणि कोण पडलं ते फाशांनी ठरवायचं. परदेशात या खेळाचे शिपाई कारखान्यात बनतात, इथेही मागवता येतात. पण त्यांत रोमन असतात, शिंगं असलेले राक्षस असतात, आपल्याकडचं कुणी नसतं. म्हणून मी फुटपाथवरून जमवतो. सगळे एका मापाचे मिळावे लागतात, नाहीतर एखादा शेजारच्या घोड्याच्या पोटाखालून निघून जातो. नाक धड असलेला मावळा मिळाला तर त्या दिवशी मी वेगळ्याच तोऱ्यात घरी येतो.

एवढ्यावरून मी शूर असेन असं कुणाला वाटेल. मी फार भित्रा आहे. गॅस बंद केला का हे दोनदा बघणारा, पोलिसांची गाडी दिसली की हेल्मेटचा पट्टा चाचपणारा, बायकोचा फोन वाजून मध्येच बंद झाला तर कुणीतरी गेलंच असं धरून चालणारा. बिडकीनच्या एका कंपनीत मी माल तपासायच्या खात्यात आहे. दोष शोधायचा पगार मिळतो, आणि घरी आल्यावर ते काम मी फुकट चालू ठेवतो असं बायको म्हणते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, हे तिचं माझ्याबद्दलचं एका ओळीतलं मत आहे.

तर मावळे जमले, आणि मग लक्षात आलं की बाजारात गनीम मिळतच नाही. शहागंज पालथं घातलं, गुलमंडी झाली, छावणीच्या बाजारातही बघून आलो. सगळे आपलेच. एका दुकानदाराला मी चाचरत विचारलं, समोरच्या बाजूचे शिपाई ठेवता का? तो म्हणाला, ते कोण घेणार? त्याचंही खरं होतं. लहानपणी गावाकडे मीही किल्ला करायचो. माझेही मावळे कुणाशी लढत नव्हते, नुसता पहारा देत होते.

गनीम मला शहागंजातल्याच एका दातांच्या डॉक्टरकडे मिळाला. दाढ दुखते म्हणून गेलो होतो. खुर्चीत तोंड वासून पडल्यावर समोरच्या फळीवर कवळ्यांच्या साच्यांमध्ये एक इवलासा घोडा दिसला, एक पाय उचललेला, शेपटीचा केस न् केस कोरलेला. तोंडात कापूस असल्यामुळे विचारता येईना. कापूस निघाल्यावर पहिलं दाढेचं न विचारता घोड्याचं विचारलं, तेव्हा तो लाजला. मुलींसाठी बनवतो म्हणाला.

तो माझ्याच वयाचा. मी मराठ्याच्या घरचा, तो मुसलमान. आवाज इतका हळू की दात काढताना पेशंटला डुलकी लागावी. शहराचं नाव बदललं तेव्हा त्याच्या दवाखान्याच्या रस्त्यावर नव्या नावाची पाटी सगळ्यात आधी त्यानं रंगवून घेतली होती. मला तेव्हा त्याची गंमत वाटली होती.

पुढे त्यानंच मला फौज बनवून दिली. बाजारातला मावळा घ्यायचा, त्याच्या कपाळावरचं गंध खरवडायचं, दातांच्या कामाच्या मेणानं दाढी लावायची, अंगरखा लांब करायचा, पगडी बदलायची. मग दातांचं माप घ्यायच्या गुलाबी लगद्यात त्याचा साचा काढून त्यात कवळीचं प्लास्टर ओतायचं. लगदा फाटायचा म्हणून एका साच्यातून एकच शिपाई निघायचा, आणि त्यामुळे कुठलाच दुसऱ्यासारखा नव्हता. एक जांभई देणारा होता. एकाचा जोडा निसटलेला होता. हत्तीवरचा निशाणवाला तर असा होता की त्याच्या हातातलं हिरवं निशाण वाऱ्यानं फडकतंय असं वाटावं. रविवारी दुपारी तो माझ्या घरी यायचा, चहा व्हायचा, चिठ्ठी टाकून बाजू ठरायची. बहुतेक वेळा मावळे त्याच्या वाट्याला यायचे आणि तो मला झोडपून काढायचा.

गेल्या दिवाळीत आमच्या सोसायटीच्या तरुण मुलांनी पार्किंगशेजारी मोठा किल्ला केला. माझ्याकडे मावळे आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी मागितले, तेव्हा मी कामावर होतो. बायकोनं फोनवर विचारलं, देऊ का? मी दे म्हणालो. माझे दोन्हीकडचे शिपाई मिठाईच्या एकसारख्या खोक्यांत असतात. खोकी कुठली, हे तिनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तिनं सगळी दिली.

त्या दिवशी कामावरून सुटल्यावर कंपनीच्या बसमध्ये बसलो आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटो बघितला. किल्ला झकास झाला होता. दरवाजा, बुरूज, पेरलेल्या अळिवाचं गवत. आणि सगळ्यात वरच्या बुरुजावर हत्ती, हत्तीवर निशाणवाला आणि ते फडकणारं हिरवं निशाण. भगवा झेंडा शेजारीच, थोडा खाली.

पाचावर धारण बसली म्हणतात ती काय, ते मला त्या सीटवर कळलं. फोटोखाली आधी दोन-चार अंगठे आले होते. मग एकानं लिहिलं होतं, हे कोण? त्याच्यानंतर चेअरमनांनी, संध्याकाळी सगळे किल्ल्यापाशी या. आणि त्यानंतर काहीच नाही. ज्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरवरून शंभर मेसेज पडतात, तो गप्प होता. मी फोन खाली ठेवायचो, उचलायचो. फोटो ग्रुपवरून कुठे कुठे गेला असेल याचा विचार करायचो. आपल्या शहरात एवढ्याशा फोटोवरून काय होतं ते मी बघितलेलं आहे. दुकानांची शटरं पडताना ऐकलेली आहेत. मला लोक फार तर शिव्या देतील, चार दिवस बोलणार नाहीत. पण कुणी विचारलं, हे बनवले कुणी, तर? एक नाव, आणि त्या नावाची पाटी भर रस्त्यात.

मी डॉक्टरला फोन केला. बसमध्ये सगळे ओळखीचे, त्यामुळे तोंडावर हात धरून बोललो. झालेलं सांगितलं. मग त्यानं विचारलं, "निशाणवाला वर ठेवला?" मी हो म्हणालो. "सगळ्यात वर?" मी पुन्हा हो म्हणालो. त्यानं फोन ठेवला.

पैठण रोडवर ट्रॅफिक होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की ते सुटूच नये.

सोसायटीत पोचलो तर किल्ल्याभोवती ही गर्दी. वाट काढत पुढे झालो, तर चेअरमन लुंगीवर किल्ल्यासमोर फतकल मारून बसलेले. ते सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, अजून शिट्टी वाजवल्यासारखं बोलतात. त्यांच्या हातात हत्ती होता. मला बघून म्हणाले, "तुमचे का हे?" मी मान हलवली.

"लई भारी," ते म्हणाले. "पण कोणत्या येड्यानं गनीम बुरुजावर बसवला? गनीम खाली पायजे. वेढा पडल्याबिगर किल्ला लढंल कसा?"

आणि ते एकेक शिपाई उचलून किल्ल्याच्या पायथ्याशी लावायला लागले. इथं तोफा, इथं घोडदळ, हत्ती मागं. आयुष्यभर फौजेत काढलेला माणूस, त्यांना जन्मात पहिल्यांदा असा किल्ला मिळाला होता ज्याला शत्रू होता. बायका जांभई देणारा शिपाई एकमेकींना दाखवत होत्या. कुणीतरी त्याचा चेहरा आमच्या सेक्रेटरीसारखा आहे म्हणालं, आणि सेक्रेटरीसकट सगळे हसले. माझा जीव भांड्यात पडला. मी पण हसलो, जरा जास्तच मोठ्यानं.

मग चेअरमन उठले आणि म्हणाले की हा कारागीर शोधला पाहिजे, पाडव्याच्या कार्यक्रमाला त्याला बोलवू, शाल-नारळ देऊ. सगळे हो हो म्हणाले. किल्ला करणाऱ्यांतला एक तरुण माझ्या अगदी जवळ उभा होता. पोरगा चांगला आहे, माझ्या गाडीला कितीदा धक्का दिलाय त्यानं. हातात मोबाइल धरून त्यानं विचारलं, "कोणी बनवले काका? नाव सांगा की."

त्याच्या विचारण्यात काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. कदाचित फोटोखाली कारागिराचं नाव टाकायचं असेल, बाकी काही नसेल. त्याच्या चेहऱ्यावर मी दोष शोधत होतो आणि सापडत नव्हता, आणि न सापडल्यानं भीती कमी होत नव्हती. आजूबाजूला हसणारी इतकी माणसं होती. विषाची परीक्षा कोण घेणार?

"ऑनलाइन मागवलेत," मी म्हणालो. "परदेशी कंपनी आहे."

चेअरमन म्हणाले, वाटलंच, एवढी सफाई आपल्याकडं कुठं. त्यावर मी हो म्हणालो.

रात्रभर डॉक्टर फोन उचलत नव्हता. सकाळी कामाला दांडी मारून मी शहागंजात गेलो. मनात म्हणत होतो, चांगली बातमी घेऊन चाललोय. दवाखान्याचं शटर अर्धं खाली होतं. वाकून आत शिरलो तर तो एकटाच बसलेला, दाढी न केलेला. फळीवर कवळ्यांचे साचे होते, घोडा नव्हता. आतल्या बेसिनपाशी बादलीत पांढरा चुरा भिजत पडला होता. मुलींना आणि अम्मीला त्यानं आदल्या संध्याकाळीच जालन्याला मामाकडे पाठवलं होतं. स्वतः का थांबला म्हणून विचारलं, तर म्हणाला, दवाखान्याला कुलूप दिसलं असतं तर लोकांना वाटलं असतं, याचंच काम आहे.

मी भराभर सगळं सांगितलं. काही झालं नाही, उलट लोक खूश आहेत, सुभेदारांनी स्वतःच्या हातानं वेढा लावला, जांभईवाल्यावर सगळे फिदा आहेत. शाल-नारळाचंही सांगितलं. मला वाटलं, तो आता हसेल. तो माझ्याकडे टक लावून बघत होता.

"नाम बोले क्या मेरा?" त्यानं विचारलं.

नाही म्हणालो. परदेशी कंपनीकडून मागवले असं सांगितलं, सगळ्यांना पटलं.

त्यानं डोळे मिटले. मग उठून जवळ आला आणि माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. रात्रभर ते प्लास्टर फोडत बसला असणार, बोटं खरचटलेली होती.

"लई मेहरबानी भाऊ," तो म्हणाला. "लई अच्छा किया तुमने."

मला फार लाज वाटली. त्याच्या हाताला शहरात तोड नाही आणि ते मी चार माणसांत नाकारून आलो होतो, त्याबद्दल तो माझे आभार मानत होता. ते अगदी मनापासून होते. आणि तो माझा हात सोडतच नव्हता.