बाभळीला भेटायचं आहे

अख्ख्या हडपसरात आयटी कंपनीत ट्रॅक्टर घेऊन जाणारा माणूस एकच होता, आणि तो आमच्या घरातला होता. माझे चुलत सासरे. कंपनी उभी राहिली ती जमीन त्यांची. तिच्या बदल्यात चौथ्या मजल्यावर दोन फ्लॅट आले, गॅस आला. तरी थंडी पडली की मामंजी जळण आणायला निघायचेच. उसाच्या सरीतून चालणारा त्यांचा छोटा ट्रॅक्टर सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्री पांघरून उभा असे आणि मुलाची नवी मोटार बाहेर रस्त्यावर उन्हात. "मोटारीला काय काम हाय? नुसतं उभंच राहायचं ना," असं ते म्हणत. इमारतीच्या मागच्या भिंतीपाशी, पत्र्याच्या आडोशाला त्यांचा तांब्याचा बंब होता. त्यातलं पाणी बादल्यांनी लिफ्टमधून वर जाई. सेक्रेटरींनी नोटीस लावली, 'लिफ्टमधून उकळते पाणी नेऊ नये.' मामंजींनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी उकळायच्या जरा आधीच काढायला लागले.

जळणाच्या बाबतीत ते फार कडक. पडलेलं आपलं, उभं झाडाचं, हा पहिला नियम. हिरव्या फांदीला कोयता लावलेला मी कधी पाहिला नाही. सुबाभळीला ते लाकूड मानतच नसत. "नुसता भडका. नव्या नोकरीवाल्यावाणी. वीस तारखेला राख," म्हणत. जळण म्हणजे बाभळीचं, आणि बाभळी होत्या कंपनीच्या मागच्या कुंपणालगत, त्यांनी स्वतः बांधावर राखलेल्या.

फाटकावर वहीत लिहून आत जावं लागे. माझी शाळा चौथीपर्यंत, मामंजींची तेवढीही नाही, म्हणून मोळ्या बांधायला आणि वही लिहायला ते मला ट्रॉलीत बसवून नेत. मी फारशी बोलत नाही हेही त्यांना सोयीचं होतं. एकदा 'कोणाला भेटायचे' या रकान्यापाशी मी अडले, तर म्हणाले, "बाभळ लिही." मी लिहिलं. रखवालदार नवा होता. त्याने आत फोन लावला आणि म्हणाला, "आजोबा, या नावाचं इथं कोणी नाही म्हणतात."

"असं कसं? मीच ठेवलीया तिला तिथं."

मग त्याने सीटच्या पट्ट्याचा नियम काढला. चार चाकं असली की पट्टा लागतो. मामंजींनी शांतपणे डोक्याचा पटका सोडला, कमरेला गुंडाळून सीटला गाठ मारली आणि आत गेले. पुढे रोज फाटकाशी आलो की ते न सांगता पटका सोडत, आणि रखवालदार गाठ ओढून बघे.

त्यांचा मुलगा, म्हणजे माझे चुलत दीर, या सगळ्याला कंटाळले होते. "आबा, गीझर बसवतो. एका दिवसाचं काम आहे."

"पाणी गीझरनं बी तापंल," मामंजी म्हणाले. "पण मग मला तिथं आत कोण सोडंल?"

भाऊजींनी परत गीझरचं नाव काढलं नाही.

एका हिवाळ्यात मोळी बांधत असताना कंपनीतला एक तरुण साहेब आमच्याकडे आला. अगदी गोड बोलणारा. "काका, नेक्स्ट बिल्डिंगचं काम स्टार्ट होतंय. ही सगळी लाकडं तुम्हीच घेऊन जा. नो प्रॉब्लेम."

"उभं झाड मी नेत नाही."

"नाही नाही, आम्ही पाडून देतो ना!"

मामंजींनी हातातली मोळी आवळून गाठ मारली. मग मला म्हणाले, "सूनबाई, उद्या दोर जास्त घे."

आठवडाभर खेपा चालल्या. भिंतीपाशी पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत रास लागली. खोडं खाली, फांद्या वर, काट्याकुट्या वेगळ्या. सेक्रेटरीसुद्धा काही बोलले नाहीत. बघणारा जो तो म्हणे, "आजोबा, आता दहा वर्षं काळजी नाही."

पुढच्या वर्षी थंडी पडली तशी एका सकाळी ते कानटोपी घालून खाली उतरले. ताडपत्री काढली, ट्रॅक्टर सुरू केला. मी सवयीने ट्रॉलीत जाऊन बसले. त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवले. मग मागे वळून म्हणाले, "कुठं जायचं गं?"

मला कधी नव्हे ते काहीतरी बोलावंसं वाटलं. पण ठिकाण सुचेना.

"इंजिन मधनंमधनं तापलेलं बरं असतं," ते म्हणाले आणि चावी फिरवून उतरले.